बोअरची मोटर: सुरू होताना आणि घडी बसल्यावर

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की शिरूर अनंतपाळ, साकोळ, येरोळ, उजेड या भागातल्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानांत जळालेल्या मोटरी येऊन पडायला लागतात. आणणाऱ्याची तक्रार एकच असते: मोटर जळाली. का जळाली, याची उत्तरंही ठरलेली असतात. लाइट कमी होती, माल हलका निघाला, मागचं रिवाइंडिंगच नीट नव्हतं. माझं म्हणणं असं, की ‘का’च्या आधी ‘कधी’ विचारा. बटण दाबल्या दाबल्या जळाली? दहा-पंधरा मिनिटांनी, पाणी तुटायला लागल्यावर? की तीन-चार तास बरी चालून मग? या तिन्ही वेळांचे बिघाड वेगळे, त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

बोअरवरची मोटर एकटी चालत नसते. तिच्या एका बाजूला स्टार्टर, वायर आणि डीपी आहे. दुसऱ्या बाजूला पंप, उभा पाइप, शेतातली पाइपलाइन, बोअरमधलं पाणी आणि त्या पाण्याचा पुरवठा करणारा खडक आहे. यातल्या कुणाचीही चाल बदलली की बाकीच्यांना बदलावं लागतं. प्रत्येकाला नव्या चालीची घडी बसवायला लागणारा वेळ मात्र निराळा. वीज डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलते. मोटर सेकंद-दीड सेकंदात पूर्ण वेग घेते. शंभर मीटर उभा पाइप रिकामा असेल तर तो भरायला मिनिटभर लागतं. पाइपलाइन भरून तुषारचे सगळे नोझल एकसारखे फिरायला पाच-दहा मिनिटं जातात. बोअरमधली पातळी तासन्‌तास उतरत राहते आणि खडकातल्या पाण्याचा हिशेब पावसाळा ते पावसाळा चालतो. औताला चपळ बैलाशेजारी सावकाश बैल जुंपला तर औत सावकाश बैलाच्याच चालीनं जातं, तसंच इथं आहे. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात घडी बसेपर्यंतच्या काळाला संक्रमण अवस्था आणि त्यानंतरच्या काळाला स्थिर अवस्था म्हणतात. शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट एवढीच, की कोणत्या वेळी काय पाहायचं हे ठाऊक असलं तर बराच खर्च वाचतो.

पहिले दोन सेकंद

पॅनलवरच्या अँपिअर मीटरपासून सुरुवात करू. पाच एचपीच्या सबमर्सिबल मोटरीच्या पाटीवर साधारण आठ-नऊ अँपिअरचा आकडा असतो. तो आकडा चालू मोटरीचा. डायरेक्ट स्टार्टरनं मोटर सुरू होते त्या क्षणी ती याच्या पाच ते सात पट करंट ओढते. काटा झटक्यात टोकाला जातो आणि मोटरीनं वेग घेतला की परत आठ-नऊवर येऊन बसतो. तो परत यायला किती वेळ लागतो, इकडं लक्ष ठेवा. चांगल्या व्होल्टेजवर निरोगी मोटरीचा काटा ‘एक’ म्हणेपर्यंत खाली येतो. आज ‘एक-दोन-तीन’ मोजावं लागत असेल, तर व्होल्टेज कमी आहे किंवा पंपात वाळू-गाळ अडकून तो जड झालाय. मोटरीची ही पहिली हाक असते आणि ती जळायच्या बरीच आधी ऐकू येते. काटा खाली येतच नसेल आणि मोटर नुसती घुमत असेल, तर ताबडतोब लाल बटण दाबा. अडकलेल्या मोटरीत वाइंडिंग काही सेकंदांत जळण्याइतकं तापतं. ‘थोडं थांबून बघू, सुटेल’ हा विचार तिथं महागात पडतो.

व्होल्टेजचा इथला हिशेब निर्दय आहे. मोटरीची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. ४१५ च्या जागी ३३० व्होल्टच मिळाले, म्हणजे व्होल्टेज शेकडा ८० वर आलं, तर सुरू होतानाची ताकद शेकडा ६४ वर येते. मोटर रडतखडत वेग घेते आणि जास्त करंटचा काळ लांबतो.

आता हेच डीपीच्या बाजूनं बघा. १०० केव्हीएची डीपी पूर्ण भारावर साधारण १३३ अँपिअर देते. तिच्यावर पाच एचपीच्या चौदा मोटरी आहेत आणि प्रत्येक मोटर नऊ अँपिअर घेते असं धरा. बेरीज १२६ येते, म्हणजे सगळ्या चालत असताना डीपी सुखात आहे. पण शेतीच्या फीडरवर थ्री फेज पाळीनं येते, आणि ती रात्री-अपरात्री आली तर उठून जायला नको म्हणून जवळजवळ प्रत्येक पॅनलवर ऑटो स्विच बसवलेला असतो. लाइट आल्याबरोबर चौदाही मोटरी एकाच क्षणी उठायला बघतात. प्रत्येकीनं सहा पट करंट मागितला तर मागणी साडेसातशे अँपिअरच्या घरात जाते. एवढ्या ओढीनं एकट्या डीपीतच व्होल्टेज पाचव्या हिश्शानं पडतं. पुढं दोन-चार खांबांच्या वायरीत आणखी घट होते आणि शेवटच्या खांबावरच्या मोटरीला जेमतेम तीन चतुर्थांश व्होल्टेज उरतं. तिची ताकद निम्म्यावर येते. ती वेग घेऊ शकत नाही म्हणून जास्त करंट ओढत राहते, त्यामुळं व्होल्टेज वर येत नाही आणि दुसऱ्या मोटरीही अडकतात. शेवटी फ्यूज जातो. मग तिथं जाड तार बांधली जाते आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी डीपी जाते.

हे सगळं दहा-वीस सेकंदांत घडतं. यावरचा उपाय स्वस्त आहे आणि तो एकट्यानं होत नाही. ऑटो स्विचला वेळ लावायची सोय असलेला टायमर घ्या आणि एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसून नंबर ठरवा. पहिल्याची मोटर लाइट आल्यावर एका मिनिटानं, दुसऱ्याची आणखी वीस सेकंदांनी, तिसऱ्याची त्यानंतर वीस सेकंदांनी. चौदाही मोटरी साडेपाच मिनिटांत रांगेनं उठतात, कुणाचंही पाणी बुडत नाही आणि डीपीवर एका वेळी एकाच मोटरीच्या उठण्याचा भार येतो. डीपी जळाल्यावर वर्गणी काढायला जसे सगळे जमतात, तसे ती जळण्याआधी एका संध्याकाळी जमावेत, एवढंच मागणं आहे.

सोबत कपॅसिटर लावा. पाच एचपीला साधारण दोन केव्हीएआरचा लागतो. तो स्टार्टरच्या पुढं, मोटरीच्या बाजूला जोडला की मोटरीसोबत चालू-बंद होतो. लाइनवरचा करंट त्यानं कमी होतो आणि शेवटच्या खांबावरचं व्होल्टेज सुधारतं. ज्यांच्या मोटरी मोठ्या आहेत त्यांनी स्टार-डेल्टा स्टार्टर वापरावा. सुरुवातीचा करंट त्यानं तिसऱ्या हिश्शावर येतो. पण सुरुवातीची ताकदही तिसऱ्या हिश्शावर येते, हे विसरू नका. व्होल्टेज आधीच पडलेलं असेल तर स्टारमध्ये मोटर वेगच घेत नाही.

मोटर बंद झाल्यावर लगेच परत सुरू करणं हा आणखी एक घातक प्रकार. पंपावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असेल तर उभ्या पाइपातलं पाणी खाली पडताना पंपाला उलटा फिरवतं. उलट्या फिरणाऱ्या शाफ्टला त्याच वेळी सुलटा झटका बसला तर शाफ्ट पिळतो, कपलिंग तुटतं. लाइट जाते-येते अशा दिवशी ऑटो स्विच हे वारंवार करत असतो. म्हणून टायमर किमान दोन-तीन मिनिटांचा ठेवणं केव्हाही बरं. रांग लावताना पहिला नंबरही मग एका मिनिटाऐवजी तिथूनच धरा. व्हॉल्व्ह गळतो का, हे ओळखायला सोपी खूण आहे. मोटर बंद करून अर्ध्या तासानं सुरू केली आणि पाणी लगेच आलं तर व्हॉल्व्ह ठीक. मिनिटभर नुसती हवा फुसफुसत आली तर पाइप रिकामा झाला होता.

पाइपात पाणी भरताना

मोटरीचा वेग बसला तरी पाण्याची घडी बसलेली नसते. रिकाम्या पाइपात पंपाला वर ढकलायला वजनच नसतं. तो भसाभस पाणी फेकतो आणि पंपाची चाकं वरच्या बाजूला उचलली जाऊन घासतात. म्हणून तोंडाजवळचा गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून मोटर सुरू करू नका. थोडा उघडा ठेवा, पाणी आलं की मिनिटभरात सावकाश उघडा. आपल्याकडच्या खोल बोअरांत बसणाऱ्या बहुतेक पंपांना झडप आवळलेली असताना भार कमी येतो, त्यामुळं उठतानाचा त्रासही कमी होतो. मात्र झडप पूर्ण बंद ठेवून पंप चालवत राहू नका. आतलं पाणी तापतं.

पाइपलाइन फुटते ती बहुतेक वेळा बंद करताना. वाहत्या पाण्याला एकदम अडवलं की दाबाची लाट उठते. १८९० च्या दशकात मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून निकोलाय झुकोव्स्की यांनी या लाटेचा नियम मांडला. तोच आजही आपल्या शेतातल्या पीव्हीसीला लागू आहे. पीव्हीसी पाइपात ही लाट सेकंदाला साधारण ४०० मीटर पळते. पाणी सेकंदाला दीड मीटर वेगानं जात असेल आणि एकदम थांबलं, तर दाब सुमारे सहा किलोनं वाढतो. लाइनमध्ये आधीच तीन किलो दाब असेल तर बेरीज नऊ. पाइप आपण सहा किलोचा टाकलेला असतो, कुणी कुणी चार किलोचा. जोड सुटणार, नाहीतर एल्बो फुटणार. लोखंडी पाइपात लाट आणखी वेगानं पळते आणि तोच झटका तिप्पट होतो.

‘एकदम’ म्हणजे किती, हेही काढता येतं. लाट व्हॉल्व्हपासून दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायला जितका वेळ घेते, त्याच्या आत व्हॉल्व्ह बंद झाला तर पूर्ण झटका बसतो. सहाशे मीटरच्या लाइनीला हा वेळ तीन सेकंदांचा. बॉल व्हॉल्व्हचा दांडा एका झटक्यात फिरवला जातो, म्हणून लांब लाइनीवर बॉल व्हॉल्व्ह नको, फिरवत बंद करायचा गेट व्हॉल्व्ह बरा. तोही अर्ध्या मिनिटात सावकाश बंद करा. तुषारची लाइन बदलताना नवी लाइन आधी उघडा, मग जुनी बंद करा. लाइट अचानक गेली तर व्हॉल्व्ह कुणी फिरवत नाही, पण पाणी थांबतंच. त्यासाठी लाइनीच्या उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह हवा. घरणी आणि मांजरेच्या काठाकडं उतरणाऱ्या चढ-उताराच्या रानात तर तो हवाच.

विहिरीवर गर्डर टाकून मोटर बसवली असेल त्यांच्यासाठी एक छोटी गोष्ट. सुरू होताना आणि बंद होताना सांगाडा क्षणभर थरथरतो आणि मधल्या काळात शांत असतो, याचा अर्थ सांगाड्याची स्वतःची लय मोटरीच्या वेगाच्या खाली आहे. जाता-येता मोटर ती ओलांडते. असं असेल तर चिंता नको. चालू असताना थरथर कायम राहत असेल तर सांगाड्याची लय मोटरीच्या वेगाशी जुळली असू शकते. अशा वेळी नट आवळून भागत नाही. आडवा-तिरपा अँगल वेल्ड करून सांगाडा ताठ करा. आणि त्याआधी मोटर-पंपाचे शाफ्ट एका रेषेत आहेत का, ते बघून घ्या.

तासाभरानंतर

आता मोटर शांत चालते आहे. काटा आठ-नऊवर आहे. इथं धोका वेगळ्या जातीचा असतो. तो हळूहळू तापवणारा असतो. व्होल्टेज शेकडा ८० वर असेल तर तेवढंच काम करायला मोटर सुमारे सव्वापट करंट घेते. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे ती दीडपटीच्याही वर जाते. पहिल्या तासात काही जाणवत नाही. तिसऱ्या-चौथ्या तासाला इन्सुलेशन जातं. डीपीतलं तेलही असंच तासातासानं तापत जातं, म्हणून जादा भाराची डीपी बहुतेक वेळा पाळीच्या शेवटी दगा देते.

ओव्हरलोड रिले नेमका याच काळासाठी असतो. त्याचं सेटिंग पाटीवरच्या अँपिअरवरच ठेवा. वारंवार ट्रिप होतंय म्हणून स्क्रू पुढं सरकवणं म्हणजे मोटरीचं मरण पुढच्या पाळीवर ढकलणं. एक फेज मध्येच गेला तर चालू मोटर थांबत नाही, उरलेल्या दोन फेजवर पावणेदोन पटीच्या आसपास करंट ओढत चालत राहते आणि जळते. तीच मोटर बंद असती तर दोन फेजवर उठलीच नसती. म्हणजे उठताना जी चूक लगेच कळते, ती चालू असताना कळत नाही. सिंगल फेज प्रिव्हेंटर त्यासाठी बसवायचा आणि तो बायपास करून, कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर ओढायची सवय सोडायची.

डीपीवर काम झाल्यावर लाइट आली आणि मोटर चालतेय पण पाणी निम्मंच येतंय, असं झालं तर बोअर आटला म्हणून घाबरू नका. फेजचा क्रम बदलून पंप उलटा फिरत असेल. मेन बंद करून दोन वायरींची अदलाबदल करून बघा. जास्त पाणी देणारी दिशा खरी.

सबमर्सिबल मोटर थंड राहते ती तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्यामुळं. पाण्याची चीर मोटरीच्या वर असेल आणि पाणी वरूनच पंपात शिरत असेल, तर मोटरीभोवतीचं पाणी हलत नाही. काटा बरोबर, व्होल्टेज बरोबर, तरी मोटर जळते. अशा ठिकाणी मोटरीला बाहेरून पाइपाचं बनियन घाला, म्हणजे पाणी खाली जाऊन तिच्या अंगावरून वर येईल.

बोअरची घडी

आपल्या भागातला सगळ्यात मोठा गैरसमज या ठिकाणी आहे. बोअर मारताना कॉम्प्रेसरच्या हवेनं पाणी उडालं की ‘तीन इंच पाणी लागलं’ असं म्हणून पेढे वाटले जातात आणि त्याच दिवशी साडेसात एचपीची मोटर ठरते. ते तीन इंच घडी बसण्याआधीचे असतात. बोअर आठ तास किती देईल, हे त्यावरून कळत नाही.

लातूर जिल्ह्याच्या या भागात खाली काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट आहे. अखंड दगडात पाणी राहत नाही. वरच्या मांजऱ्या-मुरमात आणि खालच्या चिरा-सांध्यांत ते असतं. बोअर हे त्या चिरांना जोडलेलं सहा इंचाचं भोक. त्या भोकात एका मीटरला साधारण १८ लिटर पाणी मावतं. पातळी ४० मीटरवर आणि पंप १०० मीटरवर असेल तर वरचे ६० मीटर म्हणजे जेमतेम ११०० लिटर. मिनिटाला १२० लिटर उपसणारा पंप नऊ-दहा मिनिटांत एवढं संपवतो. या दहा मिनिटांत येणारं पाणी बरंचसं बोअरच्या पोटातलं असतं. चिरेची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी पाणी तुटून जळणारी मोटर सांगत असते, की चिरेच्या मानानं पंप मोठा झाला.

परीक्षा घरच्या घरी घेता येते. मोटर उतरवतानाच उभ्या पाइपाला पाऊण इंची पीव्हीसी नळी बांधून पंपाच्या थोडं वरपर्यंत सोडा. तिच्यातून दोन तारांची वायर सोडायची. दोन्ही टोकं उघडी, थोड्या अंतरावर बांधलेली, आणि वर बॅटरीवरचा मल्टीमीटर. टोकं पाण्याला टेकली की काटा हलतो. वायरीवर मीटर-मीटरच्या खुणा करून ठेवा. घरातली लाइट या कामाला वापरायची नाही, बॅटरीच. पाणी मोजायला दोनशे लिटरचं बॅरल आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. शंभर सेकंदांत बॅरल भरलं तर मिनिटाला १२० लिटर.

आता मोटर सुरू करून १०, ३०, १०० आणि ३०० मिनिटांना पातळी घ्या. या वेळा अशाच का? उपसा सारखा असला तर वेळेच्या दर पटीला पातळी सारखीच उतरते. दहाव्या मिनिटापासून शंभराव्यापर्यंत जेवढी उतरेल, जवळपास तेवढीच शंभरपासून हजारपर्यंत उतरते. सी. व्ही. थाइस यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या भूजलाच्या गणिताचा हा शेतकऱ्याच्या कामाचा भाग. समजा ६२, ६६, ७० आणि ७४ मीटर असे आकडे आले. दर टप्प्याला चार मीटर. म्हणजे बोअर हा उपसा झेलतोय, पंप १०० मीटरवर असेल तर सुरक्षित आहे. पण ६२, ६६, ७० आणि मग एकदम ८३ आले तर एखादी वरची चीर रिकामी झाली किंवा तिची हद्द लागली. गेट व्हॉल्व्ह आवळा आणि मिनिटाला ८०-९० लिटरवर परत बघा. कमी पाणी पण आठ तास अखंड, हे तासभर जोरात आणि मग हवा मारणाऱ्या पंपापेक्षा केव्हाही जास्त भरतं.

बंद केल्यावरही मोजणी सोडू नका. आठ तास चालवलं, मग पुढच्या पाळीपर्यंत पातळी कुठं येते ते बघा. रोज ती जुन्या जागी येत असेल तर बोअरची रोजची घडी बसलेली आहे. पातळी खाली-वर होते, पण रोज सारखीच होते. रोज हातभर कमी भरत असेल तर घडी बसलेली नाही, उन्हाळा लागायच्या आत बोअर उघडा पडणार. त्या वेळी उसाला हात घालण्याऐवजी हरभऱ्याची दोन पाणी आणि जनावरांचं पिणं एवढंच धरून चाला.

शेजारचा बोअर त्याच चिरेवर असू शकतो. दोघांनी एकदा ठरवून बघा: एकाची मोटर बंद ठेवून त्याची पातळी मोजायची आणि दुसऱ्याची चालवायची. बंद बोअरची पातळी उतरली तर दोन्ही जोडलेले आहेत. अशा वेळी एकाच वेळी उपसून दोघांचीही पातळी खोल नेण्यापेक्षा एक दिवसाआड चालवणं दोघांच्याही फायद्याचं.

सगळ्यात सावकाश चालणारा गडी खडकातला साठा. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसातशे-आठशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातलं जे मुरलं तेवढंच वर्षभर. सलग पाऊस हुकला तर काय होतं ते लातूरनं पाहिलंय. मांजरा धरण आटलं आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे पाच लाख लिटर घेऊन लातुरात आली. बोअरच्या तासाभराच्या उपशावरून वर्षाचा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी पावसाळा संपल्यावर, संक्रांतीच्या सुमारास, मार्चमध्ये आणि मे महिन्यात बंद मोटरीची पातळी लिहून ठेवावी लागते. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की दिवाळीच्या पातळीवरूनच मे महिना कसा जाईल, याचा बराच नेमका अंदाज येतो. पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून त्यावर तारीख, व्होल्टेज, अँपिअर, बॅरल भरायचे सेकंद आणि पातळी एवढंच लिहा.

सौर पंप घेतलेल्यांसाठी

पीएम-कुसुम आणि २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनेतून अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढं साडेसात एचपीचे पंप येत आहेत. त्यांचा कंट्रोलर मोटरीला हळूहळू वेग देतो, त्यामुळं सुरुवातीच्या झटक्याची आणि डीपीची काळजी मिटते. पण या पंपाची घडी दिवसभर बसतच नाही, कारण ऊन बदलत राहतं. पंपाची पाणी चढवायची ताकद वेगाच्या वर्गानं बदलते. पूर्ण वेगाला १०० मीटरपर्यंत पाणी नेऊ शकणारा पंप घ्या आणि पातळी ६० मीटरवर धरा. पाणी तोंडापर्यंत येण्यासाठीच त्याला शेकडा ७७ वेग लागतो, म्हणजे कंट्रोलरवर ३९ हर्ट्झ. त्याच्या खाली मोटर फिरते, पाणी येत नाही. सकाळी ‘पंप चालू आहे पण पाणी नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा याच काळातली असते. अशा वेळी बिघाड शोधत बसू नका, आकडा ३९-४० वर जायची वाट बघा. तासन्‌तास तिथंच अडकून राहिला तर मात्र पॅनेल पुसा, सावली पडते का बघा.

दिवसभर उपसून पातळी ७५ मीटरवर गेली की तेच पाणी वर यायला शेकडा ८७ वेग, म्हणजे ४३ हर्ट्झ लागतात. म्हणून सकाळी जेवढ्या उन्हात पाणी सुरू झालं, तेवढंच ऊन संध्याकाळी असूनही पाणी आधीच थांबतं. पॅनेल खराब झाले असं समजून तक्रार नोंदवण्याआधी पातळी मोजा. आणि पाण्याची वाटणी याच हिशेबानं करा: लांबचा आणि चढावरचा तुकडा अकरा ते दोनच्या दरम्यान घ्या, बोअरजवळचा आणि उताराचा तुकडा सकाळी आणि तीननंतर. तुषारला दोन-अडीच किलो दाब लागतो, तो दुपारीच मिळतो. सकाळ-संध्याकाळच्या कमी दाबाला ठिबकचा तुकडा लावा, नाहीतर शेततळ्यात किंवा हौदात पाणी साठवा.